पार्किंग नंबर एकशे सोळा

इंजिन बंद करत नाही. केलं तर एसी जातो,
आणि ऑगस्टात अजमानच्या तळघरात
माणूस अळुवडीसारखा वाफवून निघतो.
म्हणून इंजिन चालू, दिवे बंद, सीट थोडी मागे.
रोजची चाळीस मिनिटं.

घर सहाव्या मजल्यावर, लिफ्ट वीस पावलांवर.
मी वर जात नाही.
कुणी विचारलंच तर कारण तयार आहे :
शारजात ट्रॅफिक.
हे कारण इथं कधीच खोटं ठरत नाही.

तसं काही झालेलं नाही. तेच तर अवघड.
कुणी गेलं नाही, नोकरी आहे, व्हिसा मार्चपर्यंत.
नवरा रुवैसला. तीन आठवडे तिकडे, एक इकडे,
आणि त्यातले पहिले दोन दिवस नुसता झोपलेला.
मुलगा नववीत, दाराआडून ‘हं’ म्हणतो.
ऑफिसात मी कंटेनरच्या नोंदी ठेवते,
कुठला आला, कुठला निघाला, कुठला अडकून पडला.
अडकून पडलेल्यांवर दिवसाचं भाडं चढतं.
हे मला तोंडपाठ आहे.

सव्वानऊला मिरजेहून आईचा फोन.
‘कशी आहेस?’
‘मजेत.’
हा शब्द इतका वापरलाय
की त्याचं इलॅस्टिक गेलंय,
कमरेवर राहत नाही,
एका हाताने धरून चालावं लागतं.

मंगळवारी काचेवर टकटक झाली.
शोफिकुल. बादली, फडकं, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट.
तीन आठवड्यांची धूळ होती गाडीवर,
कुणीतरी बोटाने त्यात मांजर काढलं होतं.
‘आपा, गाडी धोऊं?’
म्हटलं, मी आत बसलेय ना.
‘तो बैठो. गाडी को क्या फरक.’

मग पाणी आलं.
आधी मांजर गेलं, मग खांब, मग एक्झिटचा हिरवा दिवा.
साबणाचा फेस चारी काचांवर चढला
आणि मी एका पांढऱ्या खोलीत होते
जिथं कुणालाच माझ्याकडून काही नको होतं.
रडले. ठरवून नाही.
बिल्डिंगचं पाणी गेलेलं असताना
नळ उघडा राहतो, आपण विसरतो,
आणि पाणी आल्यावर कळतं, तसं.

त्याने पाहिलं असणार.
कारण तो मागे गेला, आणि नंबरप्लेट पुसत राहिला.
पुसत राहिला.
नंबरप्लेट इतका वेळ कुणी पुसत नाही.

उतरले तेव्हा तो पालथ्या बादलीवर बसून
गुडघे चोळत होता.
काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, ‘थक गये?’
‘बहुत,’ तो म्हणाला.
किती वाजले सांगावं, इतक्या साधेपणाने.
लाजला नाही. पुढे कारणं जोडली नाहीत.
लगेच उठला, एकशे सतराकडे गेला.

लिफ्टमध्ये मी तो शब्द तोंडात धरून उभी होते,
आवळा चघळताना तुरटपणा सरायची वाट बघतो तशी.

सव्वानऊ.
‘कशी आहेस?’
‘दमलेय गं.’
पलीकडे नुसता पंखा. जुना, एका पात्यावर खडखडणारा.
वाटलं, फोन कटला.
मग आई म्हणाली, ‘मीपण.
तू रोज मजेत असायचीस,
मग मी कुणाला सांगणार?’

त्यानंतर आम्ही फारसं बोललो नाही.
तिने एकदा नाक ओढलं. मी कुकर लावला.
‘तीन शिट्ट्या झाल्या,’ ती मिरजेहून म्हणाली, ‘बंद कर.’

नुसता वरणभात केला. लोणचंसुद्धा काढलं नाही.
मुलगा पान घ्यायला बाहेर आला, माझ्याकडे बघितलं, म्हणाला,
‘डोळे का लाल?’
सांगितलं.
तो जेवताना कधी नव्हे तो समोर बसला,
फोन बघतच, पण समोर.

बुधवारी पुन्हा बसले गाडीत.
पंचवीस मिनिटं.
काल एकतीस.
नोंदी ठेवायची सवय आहे, म्हणून सांगते.