डिरेक्टरीतली एक ओळ
(ग्रोनिंगेन, डिसेंबर १९५८)

युद्ध ते जिंकले त्याला आता चौदा वर्षं झाली.
लोक सायकलींवरून कामाला जातात,
हेरिंग कांदा लावून, शेपटीला धरून खातात.
रहस्यकथेतल्यासारखे बूट जिन्यावर रोज वाजत नाहीत.
रोज वाजायची गरज उरलेली नाही.

मी हिल्टये. मुद्रितशोधक, दुसरा मजला.
दर नोव्हेंबरात शहराची टेलिफोन डिरेक्टरी
माझ्या टेबलावर येते, शाईनं ओली,
आणि दरवर्षी थोडी हडकलेली.
वगळायच्या नावांची यादी वेगळ्या पाकिटातून येते.
मी पट्टी धरते, लाल रेघ मारते.
रेघ सरळ हवी, याबाबत वाउडस्ट्रासाहेब फार काटेकोर.

पहिल्या वर्षी मी नावं वाचायची.
मग नुसते नंबर.
मग फक्त किती ओळी वर सरकणार, तेवढंच.
एक माणूस गेला की खालचा त्याच्या जागी येतो,
तक्रार करत नाही.

यंदा एक ओळ वाढली.
*द्रील्स्मा, एम., घड्याळदुरुस्ती, फोल्किंगेस्ट्राट, ३१७४.*
रस्त्याचं नावही जुनंच.
समासात मी पेन्सिलीनं लिहिलं. एप्पोनं चष्मा वर केला,
माझ्याकडे पाहिलं, आणि खिळे जुळवायला घेतले.
ब्र काढला नाही.

विचारलं तर सांगायचं:
जुन्या प्रतीवरून उतरवताना जांभई आली, चूक झाली.
पाठ केलंय. जांभईसुद्धा.

माझ्या वडिलांचं घड्याळ त्याच्याकडे दुरुस्तीला होतं.
पावती अजून आहे.
तिच्यावर लिहिलंय: गुरुवारी या.

डिरेक्टरी घरोघर गेली.
एक्स्चेंजमधली फ्राउके जिन्यात भेटली, म्हणाली,
तो नंबर कुठेच जोडलेला नाही,
तरी आठवड्यात अकरा जणांनी फिरवला.
कुणी काही बोललं नाही.
एकानं बराच वेळ ठेवलाच नाही रिसीव्हर.

आज राखाडी कोट आला.
टेबलावर डिरेक्टरी उघडली,
हातमोजा काढून त्या ओळीवर बोट ठेवलं.
आवाज सभ्य होता.
"कोण हा?"

एप्पोचे हात खिळ्यांच्या पेटीत थांबले.
चौदा वर्षांत हा प्रश्न
कुणी मोठ्यानं विचारला नव्हता.

मी तोंड उघडलं.
पाठ केलेली जांभई येईना.