काउंट किती झालाय

हरेशने माझा कॅमेरा उलटा केला,
केळीचा व्यापारी घडाचा दांडा बघतो तसा,
आणि विचारलं, "काउंट किती झालाय?"

गोलाणी मार्केट, दुपारचे दोन. बाहेर शेहेचाळीस.
चोपड्याहून बस निघाली तेव्हापासून बॅग मांडीवर,
विदगावच्या पुलावर तापीत पाणी कमी, वाळूच जास्त,
आणि माझा हिशेब अजून चालूच:
नवी बॉडी की नुसती लेन्स,
लेन्स की नुसती बॅटरी,
की परतीचं तिकीट.

अकरा वर्षं झाली. सगळ्यात स्वस्तातलं मॉडेल,
तेव्हाही स्वस्तातलंच.
पकडीचं रबर सुटलं, फेविक्विकने चिकटवलं.
डायलवरचा पोर्ट्रेटचा चेहरा माझ्याच बोटाने पुसला गेला.
आणि फ्रेमच्या उजव्या कोपऱ्यात, वर, एक लाल ठिपका:
सेन्सरचा एक कण कायमचा पेटलेला.
एप्रिल-मेमध्ये त्याला भावंडं होतात.
हळदीच्या गालावर, साखरपुड्याच्या पेढ्यावर,
ठिबकच्या अनुदानासाठी काढलेल्या शेताच्या आभाळात.
दर वेळी पुसतो. हाताला पाठ झालंय.

"ब्याण्णव हजार," मी म्हटलं.
"मग चार देतो. तेही तुम्ही जुने गिऱ्हाईक म्हणून."
आणि काचेखालून नवा काढला.
"आरशाचा जमाना गेला, शेठ. ह्यात आरसाच नाही.
खटका नाही, काळं होणं नाही,
दाबता त्या क्षणालासुद्धा दिसत राहतं."

इथे मी अडकलो.
बटण दाबलं की आरसा वर जातो
आणि डोळ्यासमोर अंधार, हे काय मला माहीत नव्हतं?
पण म्हणजे जो क्षण निघाला तो मी पाहिलेलाच नाही.
आधीचा पाहिला. नंतरचा पाहिला.
अक्षता पडताना निकुंभांच्या पोरीने डोळे मिटले,
ते मला नंतर स्क्रीनने सांगितलं.
गेंदाबाई म्हणाली होती,
"मना एक फोटू काढी ठेव भाऊ, मांगून लागी,"
आणि नीटच असलेला पदर पुन्हा नीट करून हसली.
ते हसू त्या अंधारात झालं.
आता भिंतीवर आहे, हार घालून.

सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग, सरासरी.
गुणाकार दुकानातच केला, मोबाइलवर.
बारा मिनिटं.
अकरा वर्षांत ह्याने उजेड घेतला तो एकूण बारा मिनिटं,
आणि नेमकी तीच बारा मिनिटं मी आंधळा.

नवा हातात घेतला. हलका. हरेशवर रोखला.
कपाळावरचा घाम, मागच्या पंख्याची पाती, सगळं दिसत राहिलं.
बटण दाबलं. आवाज नाही. अंधार नाही.
"काढला?" हरेशने विचारलं.
मला सांगता येईना.

नयनाने सकाळीच बजावलंय,
"घ्यायचा तर घ्या, पण मग दिवाळीपर्यंत कुरकुर नको."
लीलाधरने ड्रोन घेतलाय. त्याला लग्नं मिळतात, मला पासपोर्ट.
मंडपात लाइट गेली की माझ्या फोटोत वाळू उडते,
हेही खरंच आहे, आरशाचं कितीही कौतुक केलं तरी.
पाचशे रुपये टेकवले. "शनिवारपर्यंत ठेव."
पावती बॅगेच्या त्याच कप्प्यात, जिथे जुन्याची वॉरंटी
कधीची मरून पडलीय.

परतीच्या बसमध्ये शेजारी टोपीवाला म्हातारा.
"फोटूवाला शे का?"
मी मान हलवली. त्याने टोपी सरळ केली,
मागे खिडकीत तापीचा पूल.
हनुवटी वर, श्वास रोखलेला.

खट्.

त्याने श्वास सोडला, टोपी पुन्हा तिरकी केली,
आणि काही न विचारता
खिशातून शेंगा काढून सोलायला लागला.