ओला, सुका आणि मागचा डबा

पावणेसातला कोपऱ्यावरून गाडी वळते.
तेच गाणं, तोच फाटका भोंगा,
आणि लोकमान्य नगरच्या निम्म्या बायका
एका पायात चप्पल घालून जिन्यात.

मी सगळ्यांत शेवटी.
कडेवर निहार, साडेआठ महिन्यांचा,
दात येऊन राहिलेत म्हणून
रात्रभर माझा खांदा चावून काढलेला.
उजव्या हातात ओला डबा, कोपराला सुका,
आणि दातांत – हो, दातांतच –
डायपरच्या पुडीची गाठ.

"दीदी, ये अलग," रामकली रोज सांगते.
मी रोज मान हलवते,
तोंडात गाठ असली की बोलता कुठे येतं.
त्या पुडीचा डबा गाडीच्या मागच्या अंगाला.
या शहरानं माझ्या लेकाच्या शीसाठीसुद्धा
स्वतंत्र जागा काढून ठेवली आहे.
माझ्यासाठी कुठे आहे अशी,
असं एकदा मनात येतच होतं,
तेवढ्यात वरून कुहूची आरोळी:
"आई, दूध उतू जाऊन राहिलं!"

प्रश्न तिथेच राहिला, जिन्यात.

नळ एक दिवसाआड, पहाटे साडेपाचला.
कुठे खाली ती नर्मदा, कुठे वर आम्ही,
आख्खा घाट चढून येते माझ्या बादलीत.
पंप ढकलतात म्हणून येते, म्हणतात शिरीष.
बरोबर आहे.
मलाही पहाटे एक पाय ढकलतो,
वीतभरही नाही,
नेमका बरगडीत.

शिरीष पीथमपूरहून साडेसातला येतात,
रात्रपाळीचं ग्रीस नखांत घेऊन,
बूट काढता काढता झोपतात.
मी एक बूट काढते, दुसरा कुहू.
मग ती पोह्यांवरची शेव आधी खाते,
मग डाळिंबाचे दाणे,
मग पोहे राहिले ते माझे.
गेल्या चार वर्षांत मी पोहे असेच खाल्ले आहेत,
वरचं सगळं वेचून झालेले.
खोटं कशाला सांगू, मला ते तसेच आवडायला लागलेत.

दुपारी दोघं निजली
की क्लॉथ मार्केटच्या पेढीचा हिशेब उघडते.
चादरींचे गठ्ठे, उधारी, जमा, नावे.
तिथे पैसा न् पैसा जुळतो.
इथे रात्री किती वेळा उठले
ते आठवत नाही सकाळी.

परवा मात्र गंमत झाली.
खाली आले आणि ओला डबा वरच राहिलेला.
रामकलीनं हातमोजे काढले,
पदराला हात पुसले, म्हणाली, "लाओ, इधर दो,"
आणि निहारला घेऊन
सरळ गाडीच्या पुढच्या सीटवर बसवलं.
त्यानं भोंगा दाबला.
आख्खी गल्ली दचकली.
दिघेकाकूंच्या हातातून केराची टोपलीच सुटली.
तो हसला, नवे दोन दात दाखवत,
परत दाबला.

मी जिना चढले.
हात मोकळे. खांदा मोकळा.
चौथ्या पायरीवर तोल गेला.
कठडा धरून पाहते तर
कंबर अजून डावीकडे तशीच तिरकी,
वर कुणी बसलेलं नसताना.
आठ महिन्यांनी पहिल्यांदा माझी मी होते
आणि मला मीच थोडी कमी पडत होते.

एकटीच हसले.
मग धावत वर, धावत खाली.

"भारी है," रामकली म्हणाली परत देताना.
"मेरी वाली भी ऐसी ही थी.
अब बारहवीं में है, हाथ नहीं लगाने देती."
तिनं हातमोजे घातले, गाडी पुढच्या गल्लीत गेली,
गाणं वळणावर अर्धं तुटलं.

नऊ किलो दोनशे.
मागच्या सोमवारी दवाखान्यात काटा पाहिलाय मी.
पण तिथे नुसतं वजन होतं,
इथे कडेवर आलं तसा
माझा पाय जिन्यावर सरळ पडला.

वरच्या दारात कुहू उभी,
नाकाला पीठ, हातात लाटणं:
"आई, मी पोळी केली. इंदूरच्या नकाशाची."

तव्यावर टाकली.
फुगली नाही.
तिघांनी मिळून खाल्ली,
शिरीषना उठवून त्यांनाही एक घास दिला.