सव्वा इंची पाइप

मी प्लंबर. देवाचं मला विचारू नका,
उताराचं विचारा.
माझगावच्या या गल्लीत मशिदीचा हौद सगळ्यात वर,
चर्चची बाग त्याच्या चार फूट खाली,
मरीआईचं देऊळ आणखी दोन,
आणि त्याखाली गटार,
जिथं आजवर सगळ्यांचं सगळं एकत्र जात होतं
कुणाचीही परवानगी न घेता.

दाऊद खतीब मला घेऊन हौदाशी बसले.
पाच वेळा, दीडशे माणसं,
हात, तोंड, कोपर, पाय.
'मोज,' म्हणाले.
मोजलं.
शुक्रवारचं पाणी
हजार लिटरच्या टाकीत मावेना.
साबण नाही, तेल नाही,
माणसाच्या अंगावरची धूळ तेवढी.
मे महिन्यात इथं टँकर येतो.
तेव्हा हे गटारात जाताना ऐकू येतं,
झोप लागत नाही, म्हणाले.

बैठक चर्चच्या हॉलमध्ये.
लग्नाच्या खुर्च्या, एकच चालू पंखा.
पहिला तास सगळे पार्किंगवर बोलले.
मग हिराबाय तांडेल उठली,
'पाय धुतलेलं पाणी आईच्या पिंपळाला?'
जो तो आपापल्या चपलांकडे बघायला लागला.
खतीब गप्प.
भायखळ्याहून आलेले अब्राहम नवगावकर,
वय ऐंशी, ज्यांच्या सिनेगॉगात आता
प्रार्थनेला दहा माणसं जमवायला फोन फिरवावे लागतात,
म्हणाले, 'हिराबाय, कोळंबी धुतलेलं पाणी
तू कुठं ओततेस गं?'
'माडाला.'
'आणि नारळ?'
हिराबाय हसली नाही.
पण बसली.

सव्वा इंची पाइप, चार एल्बो, एक जाळी,
मधे वाळू-कोळशाचं पिंप.
खताचा खड्डा चर्चच्या मागे, कारण जागा तिथंच होती.
देवळाचं निर्माल्य, वेदीवरची सुकलेली लिली,
नवगावकरांचा सणाचा मांडव उतरला
की त्याच्या झावळ्या.
फिलोमिना किणी वजन लिहायची
बाप्तिस्म्याच्या एका कोऱ्या राहिलेल्या वहीत.
बाळाचं नाव: झेंडू, अकरा किलो.
आईचं नाव: मरीआई.
बापाचा रकाना ती मोकळा सोडायची.

श्रावणात खड्डा नासला.
अळ्या, आणि वास असा
की अजान, मिस्सा, आरती, कुणालाच सोडेना.
गल्लीचं पहिलं एकमत झालं ते त्या दिवशी:
बुजवा.
मी फावडं घेऊन गेलो तर आत
हारांचा नायलॉन, जरीच्या पट्ट्या, मेणबत्त्यांची बुडं,
अगरबत्तीची रिकामी पाकिटं.
फुलं कुजायला तयार होती हो,
बाकीचं कुठं तयार होतं?

रविवारी मिस्सा सुटल्यावर हिराबाय आली,
पाट टाकून बसली,
आणि मासळी साफ करतात तसे
हार साफ करायला शिकवलं सगळ्यांना.
देठाशी धर, दोरा ओढ, काटा फेक.
खतीबांची सून दुसऱ्या रविवारी तिच्याहून भरभर ओढायला लागली,
ते हिराबायला आवडलं नाही.

दोन घरं अजूनही पाइप ओलांडत नाहीत,
वळसा घालून जातात.
जाऊ देत. पाइपला काय त्याचं.

चौथ्या एल्बोतून ठिबकतं.
चूक माझीच, टेप कमी गुंडाळली.
परवा पान्हा घेऊन गेलो
तर तिथं कमरेएवढं अळू.
खतीब म्हणतात चर्चवाल्यांनी लावलं,
फिलोमिना म्हणते आपोआप आलं,
हिराबाय म्हणाली, 'पान्हा ठेव खाली.'

संध्याकाळी डबा आला, वड्यांचा.
चिंच जरा जास्त.

बिलात मी तीनच एल्बो लावलेत.
अजून कुणी मोजलेले नाहीत.