वाढणं

आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत,
वाढली म्हणतात.
त्यामुळे डॉक्टर शिराळकर म्हणाले, "हे वाढलंय,"
तेव्हा मला आधी काचेचा आवाज आला.

कानामागे एवढंसं होतं वर्षानुवर्षं, केसांत लपणारं.
भाद्रपदात चिकनगुनिया झाला. अकरा दिवस.
ताप उतरला, सांधे उरले.
सांधे सुटतायत तोवर कोपरावर रुपयाएवढं लाल,
मग गुडघ्यावर, मग
बरोबर मनगटाभोवती, कुणी आखून दिल्यासारखं.
दोन-चारचं माप. माझंच.

"ताप गेला हे तुमच्या अंगाला अजून कळलेलं नाही,"
डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले,
"ते अजून शोधतंय त्याला.
जिथे घासेल तिथे उठेल.
हातातल्या काढा काही महिने."
कळव्याहून येताना बस पुलावर अडकली.
खाली खाडी, भरती की ओहोटी, कळेना.
पाणी नुसतं उभं.

काढल्या. साबण लावून, एकेक, न वाढवता.
सत्तावीस वर्षं जांभळी नाक्यावर बायकांचे हात दाबतेय,
अंगठ्याखालचं हाड कुठे वळतं
डोळे मिटून सांगेन.
स्वतःचा हात मात्र त्या दिवशी
अनोळखी गिऱ्हाइकाचा वाटला.

आता येणारी आधी माझं मनगट बघते,
मग गळा.
मंगळसूत्र दिसलं की गोंधळते.
तावडेबाईंनी तर सरळ विचारलं, "कधी झालं गं?"
नवरा मागेच उभा, वहीत उधारी लिहीत.
तो हसला. मी नाही.

हातमोजे घालून बघितले.
मोज्यातून हाड बोलत नाही.

रात्री दुकान बंद करताना रेक्झिन झटकते.
बांगड्यांची चमकी पडते, काचेची कुसं,
आणि माझा कोंडा, पापुद्र्या-पापुद्र्यांनी.
ट्यूबलाइटखाली सगळंच चकाकतं.
केरसुणी विचारत नाही कुठलं कुणाचं.

काल विटाव्याची एक मुलगी आली, लग्न ठरलेली.
उजवा हात माझ्याकडे टाकला
आणि डाव्या हातातल्या मोबाइलमध्ये बुडाली.
मनगट नाही, गळा नाही, काहीच बघितलं नाही तिने.
मी दाबत गेले, हिरव्या चढत गेल्या.
सातवी कट् झाली.

"वाढली," मी म्हटलं.
मान वर न करता ती म्हणाली,
"असू दे, दुसरी घाला."

घातली.