आठ सेकंद

शेवटचं तिकीट अजून पाकिटात आहे,
एच-चौदा, सव्वासातचा खेळ, घाटकोपर.
मागच्या रांगेतला गृहस्थ
सासूला अख्खा पिक्चर समजावत होता,
"आता बघा, हा येणार. आलाच. म्हटलं ना."
शेजारच्या मांडीवर मोबाईल
उजळायचा, विझायचा, पुन्हा उजळायचा,
चोक गेलेल्या ट्यूबसारखा.
आणि ऐन मरणाच्या प्रसंगी
कुणीतरी नाचोज चावत होतं,
कुरुम कुरुम,
जशी मरणाऱ्याचीच हाडं.
मी तीनदा श्शू केलं.
चौथ्यांदा अंधारातून उत्तर आलं,
"काका, घरी बघायचा ना मग."

बघतो.

पीएफमधून पन्नास इंची आणला.
खिडक्यांना कुर्ला मार्केटचे जाड पडदे.
फोन उपडा. पंखा एकवर,
तीनवर केला की कुरकुरतो.
चहा उतू जायला लागला तर नायक थांबतो,
हात पिस्तुलावर, तोंड अर्धं उघडं,
मी गाळणं धुऊन येईपर्यंत तसाच.
बेस्टमध्ये अठ्ठावीस वर्षं मीटर वाचले,
इतका आज्ञाधारक माणूस
एका दारात भेटला नाही.

शांतता अशी
की नायिकेच्या बांगड्या मोजाव्यात.
विनोद झाला की मी नाकातून हवा सोडतो.
तेवढंच.
एकट्याला मोठ्यानं हसता येत नाही, करून बघा.
आवाज खोलीभर फिरतो
आणि कुणी घेतला नाही म्हणून
परत येऊन आपल्याच मांडीवर बसतो.

गणपती गेल्यानंतरच्या रविवारी
नवा पिक्चर लागला,
म्हणजे घरीच लागला, हल्ली घरीच लागतात.
नऊला बसायचं ठरवलेलं,
चष्मा पुसण्यात थोडा उशीर झाला.
आणि पहिला विनोद यायच्या आधी
भिंतीपलीकडे टिपणिसांची सून हसली.
हसली म्हणजे काय, फुटली.
मधेच श्वास अडकून नाकातून एक फुर्रर्र,
मग पुन्हा पहिल्यापासून.
माझ्या ओठांवर श्शू येऊन उभा राहिला, सवयीनं.

तेवढ्यात पडद्यावर
हवालदार खुर्चीसकट आडवा झाला.

टिळकनगरची म्हाडाची बिल्डिंग,
मधली भिंत चार इंची.
पुढच्या वेळी मोजले.
जुनी सवय, चकती बघत सेकंद मोजायची.
आठ.
म्हणजे ती हसणार
आणि मला आठ सेकंद कळत राहणार
की काहीतरी येतंय.
सासूला सगळं आधी सांगणाऱ्या त्या माणसावर
मी उगाच चिडलो होतो असं नाही,
पण हे सहन होईना.

रिमोटवर दहा सेकंद पुढे जायचं बटण आहे.
दाबलं.
आता मी दोननं पुढे.
थांबवला. एक. दोन. सोडला.

तहसीलदाराच्या टोपीत कोंबडी सापडली
आणि आम्ही दोघं एकदम हसलो,
ती तिकडे, मी इकडे,
मोठ्यानं, लाज वाटेल इतक्या मोठ्यानं.
तिकडचं हसू अर्ध्यात थांबलं.
ऐकलं असणार.
मी रिमोट छातीशी धरून बसलो,
चोरी पकडल्यासारखा.
मग पलीकडून तो फुर्रर्र आला
आणि माझं उरलेलं हसू बाहेर पडलं.

मध्यंतर कुठे असतं घरी.
पण साडेदहाच्या सुमाराला तिचं बाळ रडलं,
भिंतीतला पिक्चर बंद पडला.
मीही थांबवला.
कोंबडी हवेत, तहसीलदार हवेत,
पिसं जिथल्या तिथे.
दहा मिनिटं गेली. पंधरा.
हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणणं,
मग तेही नाही.
चहा करायला उठलो नाही,
तेवढ्यात सुरू झाला तर?
भिंतीला कान लावला नाही, तेवढी अक्कल आहे.

पंखा मात्र बंद केला.