उणे एकवीस

साखर पेठेत आमच्या गच्चीवर
पाण्याच्या टाकीपासून बिंगींच्या जिन्यापर्यंत
एक तार ताणलेली आहे.
तिच्यावर टॉवेल वाळत घालायचे नाहीत
एवढा एकच नियम घरात सगळ्यांना मान्य.

बाकी भांडण.

अप्पांच्या बोटांखाली मोर्सची पितळी कळ.
डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा,
कोणी आहे का, कोणी आहे का,
चाळीस वर्षं हेच विचारतायत
आणि रात्री अडीचला कोणी ना कोणी हो म्हणालंय.
हात ओळखतात ते.
"हा ओडेसाचा, याचा डॅश लंगडतो.
आज बरं नाही दिसत त्याला."

माझ्या भावाचा श्रवण लॅपटॉप उघडतो.
पंधरा सेकंद हा, पंधरा सेकंद समोरचा,
निळ्या पडद्यावर पिवळ्या रेघा ओघळतात
आणि चहा निवायच्या आत ब्राझील.
नोंदवहीसुद्धा मशीनच लिहितं.

"दोन यंत्रं बोलली. तू कुठं होतास?"
"इथंच होतो की."
"काय म्हणाला ब्राझीलवाला?"
"उणे एकवीस."
"म्हणजे?"
"म्हणजे तुम्ही ऐकू येताय, पण लई बारीक."
"नाव काय त्याचं?"
श्रवण गप्प.

लायसन्स माझंही आहे. मला कोणी विचारत नाही.
मी सोल्डरचा धूर फुंकते,
दोघांच्या वायरींचा गुंता सोडवते.

एकदा जेवताना त्यानं माळ्यावरून
जकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ ओढून आणली,
दोरीत ओवलेली, कडेनं वाळवी खाल्लेली.
मोराच्या चादरीची.
भोक. भोक नाही. भोक, भोक. नाही.
"ताता, हा मोर कोणी विणला?
तुम्ही, का या पुठ्ठ्यानं?"

अप्पांचा कडक भाकरीचा तुकडा
शेंगाचटणीत तसाच राहिला.
"भोकं मी पाडली," बऱ्याच वेळानं म्हणाले,
"एकेक."
"मग हा प्रोग्रॅमही कोणीतरी पाडलाच आहे की."
"भेटलायस त्याला?"

पुन्हा भांडण.

मेमध्ये, भर दुपारी, वीज गेली.
गल्लीतले सगळे माग एकदम थांबले.
सेट बॅटरीवर होता;
खरखरीची सुई नऊवरून घसरत एकावर आली.
इतकं रिकामं आकाश
या घरात मी कधी ऐकलं नव्हतं.
पडद्यावर एक ओळ उमटली: उणे एकवीस.

अप्पांनी हात वर केला.
"शिट्टी आहे. सूर बदलतोय. किती सूर रे यात?"
"आठ," श्रवण म्हणाला, "पण हे कानाला ऐकू येत नाही, ताता."
"आठच," अप्पा म्हणाले.

मागांनी खाल्लेले कान ते.
त्यांत माग बंद असतानाही काहीतरी वाजत असतं, मला ठाऊक आहे.
तरी श्रवणनं स्पीकरला कान लावला,
मीही लावला.

मग वीज आली, खटाखट खटाखट,
सुई परत नऊवर.
"पुढच्या वेळी नाव विचार," अप्पा म्हणाले.
"त्यात नाव बसत नाही, अक्षरं कमी पडतात."
"मग छोटं विचार."

मी जुनी वही काढली, हातानं लिहायची.
तारीख. वेळ. फ्रिक्वेन्सी.
शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून बसले
आणि लिहिलं:
वीज नव्हती.